पॅराक्वाटची विषबाधा आणि अँटिऑक्सिडंट उपचार : आधार किती, अपेक्षा किती?

बेंगळूरच्या जयनगर भागात राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी कर्नाटकातील बहुसंख्य वैद्यकीय महाविद्यालये संलग्न असून, तेथील एम.डी.च्या विद्यार्थ्याला आपल्या प्रबंधाचा आराखडा येथे नोंदवावा लागतो. ग्रामीण भागाला सेवा देणाऱ्या रुग्णालयांत कृषी रसायनांची विषबाधा हा नित्याचा अनुभव असतो, त्यामुळे प्रबंधासाठी तो विषय साहजिकच पुढे येतो. बेळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही याच विद्यापीठाशी जोडलेले आहे आणि बेळगावच्या रुग्णालयांत खानापूर, निपाणी या सीमाभागातून, तसेच आपल्या चंदगड तालुक्यातूनही रुग्ण येतात. म्हणजे हा प्रश्न वैद्यकीय विद्यापीठाच्या कागदपत्रांपुरता नाही. त्याची सुरुवात आपल्या शेतावर, आपल्या कोठीत होते.

तणनाशकांच्या विषबाधेत एक प्रश्न वैद्यक पुन्हा पुन्हा विचारतात. पॅराक्वाट शरीरात गेल्यावर जी हानी होते ती ऑक्सिडीभवनाची असते. मग अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीभवन रोखणारी द्रव्ये, देऊन रुग्ण वाचवता येईल काय? प्रश्न सरळ दिसतो, उत्तर मात्र तितके सरळ नाही. प्रस्तुत लेखात ते समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. कृषी विस्तार कार्यकर्ते, कृषी सेवा केंद्रचालक आणि शेतकरी यांना हे ठाऊक असणे आवश्यक आहे, कारण या विषबाधेत निर्णायक ठरणारे पहिले काही तास रुग्ण डॉक्टरांपेक्षा त्यांच्याच सान्निध्यात असतो.

तणाला मारणारी क्रिया

पॅराक्वाटचा रेणू नवा नाही. १८८२ मध्ये तो प्रथम तयार झाला आणि १९३३ पासून ‘मिथाइल व्हायोलोजेन’ या नावाने प्रयोगशाळेत दर्शक म्हणून वापरला गेला. क्षपण झाले की तो निळा होतो. त्याचा तणनाशक गुण इंग्लंडमधील आय.सी.आय. या कंपनीच्या संशोधकांच्या लक्षात १९५५ मध्ये आला आणि १९६२ पासून तो बाजारात आला. आपल्याकडे तो पॅराक्वाट डायक्लोराइड २४ टक्के एस.एल. या स्वरूपात मिळतो. कापूस, द्राक्षे, बटाटा, भात, गहू, मका, चहा, कॉफी, रबर अशा पिकांत त्याच्या वापराला मान्यता आहे. ऐन पावसाळ्यात खुरपणीला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही. अशा वेळी दोन दिवसांत तण करपवणारे औषध शेतकऱ्याला हवेसे वाटले तर त्यात नवल नाही.

हिरव्या पानावर पडलेले पॅराक्वाट हरितलवकात शिरते. प्रकाशसंश्लेषणात सूर्यप्रकाशाच्या बळावर इलेक्ट्रॉनांचा जो प्रवाह चालू असतो त्यातील एक इलेक्ट्रॉन ते हिरावून घेते आणि लगेच ऑक्सिजनला देऊन टाकते. त्यातून सुपरऑक्साइड हे मुक्त मूलक तयार होते, त्यापासून पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड व त्याहून विध्वंसक असे हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होतात. ही मूलके पेशींच्या पटलांतील मेद जाळतात आणि पान करपते. इलेक्ट्रॉन देऊन मोकळे झालेले पॅराक्वाट मात्र जसेच्या तसे राहते व पुढचा इलेक्ट्रॉन उचलण्यास सिद्ध होते. ते स्वतः खर्च होत नाही. एकच रेणू हे चक्र असंख्य वेळा फिरवू शकतो, आणि उपचारांची सारी अडचण या एका वस्तुस्थितीत दडलेली आहे.

फुप्फुसात काय घडते

माणसाच्या शरीरात प्रकाशसंश्लेषण नसले तरी इलेक्ट्रॉन देणारी यंत्रणा आहेच. गिळलेल्या पॅराक्वाटचा थोडाच भाग आतड्यातून रक्तात शोषला जातो, परंतु तो फार लवकर शोषला जातो. रक्तातील त्याचे प्रमाण साधारणपणे पहिल्या काही तासांतच शिखर गाठते. पुढे मूत्रपिंडे ते बाहेर टाकू लागतात, पण त्याच विषाने मूत्रपिंडेही निकामी होऊ लागतात. दरम्यान फुप्फुसांच्या वायुकोशांतील पेशी पॅराक्वाट आत ओढून घेतात. पुट्रेसिन यांसारखी शरीरोपयोगी पॉलिअमाइने आत घेण्यासाठी या पेशींत एक वाहक यंत्रणा असते. पॅराक्वाटच्या रेणूची ठेवण त्यांच्याशी मिळतीजुळती असल्याने ती यंत्रणा फसते. परिणामी फुप्फुसातील विषाचे प्रमाण रक्तद्रवातील प्रमाणाच्या कितीतरी पट वाढते. शिवाय तेथे ऑक्सिजन मुबलक असतो. चक्र फिरण्यासाठी याहून सोयीची जागा शरीरात नाही.

पेशीजवळ बचावाची साधने आहेत. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, कॅटलेज ही विकरे आणि ग्लुटाथायोन हे द्रव्य मुक्त मूलकांना निष्प्रभ करीत असते. ग्लुटाथायोन पुन्हा कार्यक्षम करण्यासाठी एन.ए.डी.पी.एच. लागते. पॅराक्वाटचे चक्र नेमके तेच एन.ए.डी.पी.एच. खर्च करते. शत्रूने हल्ला करावा आणि त्याच वेळी धान्याचे कोठारही लुटावे, तशी पेशीची अवस्था होते. पहिल्या एकदोन दिवसांत तोंड व घसा सोलवटतो, उलट्या होतात. नंतर मूत्रपिंड व यकृताच्या कार्यात बिघाड दिसतो. मधले काही दिवस रुग्णाला बरे वाटू शकते, नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि त्यानंतर फुप्फुसे तंतुमय होऊ लागतात. श्वास हळूहळू अपुरा पडत जातो. रुग्ण अखेरपर्यंत शुद्धीवर असू शकतो. मोठ्या मात्रेत विष गेलेले असल्यास अनेक अवयव एकाच वेळी निकामी होऊन मृत्यू त्याआधीच ओढवतो.

ऑरगॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांच्या विषबाधेत ॲट्रोपिन आणि प्रालिडॉक्झिम ही औषधे उपलब्ध आहेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीत झालेल्या विषबाधेने महाराष्ट्र हादरला, त्यानंतर ॲट्रोपिनचे नाव गावोगाव पोचले. पॅराक्वाटवर असा कोणताही सिद्ध उतारा नाही. ‘इंजेक्शन देतील आणि बरा होईल’ ही समजूत येथे घातक ठरते.

अँटिऑक्सिडंट : तर्क आणि पुरावा

वरील वर्णन वाचल्यावर अँटिऑक्सिडंटची कल्पना कोणालाही सुचावी. मुक्त मूलके हानी करतात, तर त्यांना टिपणारी द्रव्ये द्यावीत. जीवनसत्त्व ई पटलांतील मेदाचे रक्षण करते, जीवनसत्त्व क पाण्यात विरघळणाऱ्या भागात काम करते, एन-ॲसिटिलसिस्टीन पेशीला ग्लुटाथायोन बनवण्यासाठी कच्चा माल पुरवते. यातील एन-ॲसिटिलसिस्टीन तर मोठ्या रुग्णालयांत हाताशीच असते, कारण पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेवर ते मान्यताप्राप्त औषध आहे. याशिवाय लोह बांधून ठेवणारे डेफेरॉक्सामिन, सॅलिसिलेट, मेलॅटोनिन, सिलिमारिन अशा अनेक द्रव्यांचे प्रयोग झाले आहेत.

प्राण्यांवरील प्रयोगांतून या तर्काला आधार मिळतो. जीवनसत्त्व ई व सेलेनियम यांची कमतरता असलेले प्राणी पॅराक्वाटला अधिक बळी पडतात. काही प्रयोगांत एन-ॲसिटिलसिस्टीनने फुप्फुसाचा दाह कमी झाला. मात्र अशा प्रयोगांत औषध अनेकदा विषाच्या आधी, विषासोबत किंवा लगेच नंतर दिलेले असते. आपला रुग्ण तालुक्याच्या ठिकाणी पोचतो तोच काही तासांनी, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी कित्येकदा दुसऱ्या दिवशी. तोपर्यंत विष फुप्फुसात जाऊन बसलेले असते.

माणसांबाबतचा पुरावा त्याहून तोकडा आहे. त्यातील बराचसा एकेका रुग्णाचे वृत्तान्त आणि लहान मालिका यांच्या स्वरूपाचा आहे. अँटिऑक्सिडंटमुळे मृत्यूचे प्रमाण घटते असे निर्विवादपणे दाखवणारी मोठी नियंत्रित चाचणी उपलब्ध नाही. ही औषधे तुलनेने निर्धोक असल्याने अनेक रुग्णालये ती देतात, आणि गमावण्यासारखे काही नसताना ती देण्यात गैर काही नाही. परंतु त्यांना ‘उपचार’ म्हणावे की ‘प्रयत्न’, याबाबत प्रामाणिक राहिले पाहिजे. जीवनसत्त्व क विषयी तर सावधगिरीची सूचनाही दिली जाते. मुक्त लोह उपस्थित असताना ते लोहाचे क्षपण करून हायड्रॉक्सिल मूलकांच्या निर्मितीस उलट हातभार लावू शकते.

येथे संशोधनपद्धतीचा एक सापळा आहे आणि प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी तो नीट ओळखला पाहिजे. पॅराक्वाटचा रुग्ण जगणार की नाही हे प्रामुख्याने दोन गोष्टींवर ठरते : विष किती गेले आणि किती वेळ लोटला. म्हणूनच विषप्राशनानंतरचा काळ आणि रक्तद्रवातील पॅराक्वाटचे प्रमाण यांचा आलेख पाहून निष्पत्तीचा अंदाज बांधण्याची रीत १९७० च्या दशकाअखेरीपासून रूढ झाली. समजा, एका रुग्णालयात अँटिऑक्सिडंट दिलेले काही रुग्ण वाचले. त्यांनी मुळात विष थुंकून टाकले होते की गिळले होते, लगेच उलटी झाली होती काय, द्रावण पाणी मिसळलेले होते की बाटलीतील मूळ औषध होते, हे कळल्याशिवाय औषधाला श्रेय देता येत नाही. अत्यवस्थ रुग्ण औषधाचा पूर्ण क्रम संपण्याआधीच दगावतो आणि मग ‘पूर्ण क्रम घेतलेले’ रुग्ण अधिक वाचलेले दिसतात. हाही त्याच सापळ्याचा भाग.

प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांच्या बाबतीत असाच अनुभव आला. सायक्लोफॉस्फामाइड आणि स्टेरॉइड यांच्या संयोगाने मृत्यू घटतात, असे तैवानमधील लहान चाचण्यांनी सुचवले होते. पुढे श्रीलंकेत मोठी यादृच्छिक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ च्या सुमारास प्रसिद्ध झाले आणि मृत्यूच्या प्रमाणात लाभ आढळला नाही. अँटिऑक्सिडंटची तशी कठोर परीक्षा अद्याप व्हायची आहे.

तणशास्त्राच्या अभ्यासकांना या संदर्भात एक गोष्ट रोचक वाटेल. पॅराक्वाटला दाद न देणारी काही तणे जगात आढळली आहेत. कोनायझा प्रजातीतील तणे हे त्यांचे परिचित उदाहरण. त्यांच्यात मुक्त मूलके टिपणारी विकरे अधिक असावीत, असा आरंभीचा कयास होता. नंतरच्या अभ्यासांतून कल वेगळ्या स्पष्टीकरणाकडे झुकला : ही तणे पॅराक्वाट रिक्तिकेत कोंडून ठेवतात आणि हरितलवकापर्यंत पोचूच देत नाहीत. तणाचा अनुभव रुग्णाला जसाच्या तसा लागू होत नाही, हे खरे. तरीही चक्र सुरू झाल्यावर ठिणग्या विझवीत बसण्यापेक्षा विषाला लक्ष्यस्थानापासून दूर ठेवणे अधिक परिणामकारक असते, हा त्यातील संकेत वैद्यकीय अनुभवाशी जुळणारा आहे.

मातीचे सामर्थ्य

विषाला दूर ठेवण्याचे एक साधन शेतीशास्त्राच्या ओळखीचे आहे. पॅराक्वाट जमिनीवर पडताच निष्क्रिय होते. त्याच्या रेणूवर दोन धन भार असतात, चिकणमातीच्या खनिजांच्या थरांवर ऋण भार असतो. रेणू थरांच्या मध्ये जाऊन घट्ट बसतो. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या कापसाच्या जमिनीत स्मेक्टाइट गटातील खनिजे विपुल असल्याने तेथे हे अधिशोषण विशेष प्रभावी असते. गढूळ पाण्यात पॅराक्वाट कालवल्यास औषध ‘लागत नाही’ ही शेतकऱ्यांची तक्रार याच कारणाने खरी आहे.

मुलतानी मातीचे पाण्यातील मिश्रण पाजून जठरातील विष बांधून टाकण्याचा उपचार याच गुणावर उभा राहिला. सक्रियित कोळसा जवळपास तेच काम करतो आणि रुग्णालयात तो सहज मिळतो. मात्र शोषण इतके शीघ्र होते की हा उपाय पहिल्या एकदोन तासांतच अर्थपूर्ण असतो. त्यानंतर प्रत्येक तासागणिक त्याचे मोल घटते. रक्त शुद्ध करण्याच्या हिमोपर्फ्युजन पद्धतीचेही तसेच आहे. म्हणून रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याला वाहनात घालून सर्वांत जवळच्या, कोळसा देऊ शकणाऱ्या दवाखान्यात आधी नेणे आणि तेथून मोठ्या रुग्णालयात हलवणे, हा क्रम योग्य ठरतो. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नये. पॅराक्वाट दाहक आहे, अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते आणि त्या खटाटोपात वेळही जातो.

दुसरी सूचना ऑक्सिजनविषयी. धाप लागलेल्या माणसाला ऑक्सिजन लावणे हा सर्वसाधारण शिरस्ता आहे, परंतु पॅराक्वाटच्या चक्राला ऑक्सिजन हेच इंधन असल्याने रक्तातील ऑक्सिजन फार खाली गेल्याशिवाय तो देऊ नये, असे वैद्यकीय मार्गदर्शन सांगते. रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्याला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विषाचे नाव न सांगितल्यास हा निर्णय ते घेणार कसा? अनेकदा नातेवाईक केवळ ‘फवारणीचे औषध’ घेतले एवढेच सांगतात. मग कीटकनाशक समजून उपचार सुरू होतात. खरे तर तणनाशके म्हणजेही एकच विष नव्हे. ग्लायफोसेटच्या तयार औषधात ओलावा वाढवणारे घटकच अधिक त्रास देतात. २,४-डी मध्ये लघवी अल्कधर्मी करून विष बाहेर काढण्याचा प्रयत्न करतात. प्रोपॅनिलमुळे रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटते व तेथे मिथिलीन ब्लू उपयोगी पडते. रुग्णालयात पोचल्यावर लघवीच्या नमुन्यात सोडियम डायथायोनाइट घालून पॅराक्वाट ओळखता येते. पॅराक्वाट असल्यास नमुना निळा होतो. १९३३ च्या दर्शकाचा तोच निळा रंग. ही स्वस्त चाचणी प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात असावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बाटली, त्रिकोण आणि बंदी

आपल्याकडील कीडनाशकांच्या लेबलावरील त्रिकोणाचा रंग उंदीर-घुशींसारख्या प्रयोगप्राण्यांवरील तीव्र विषाक्ततेवरून ठरतो. त्या निकषाने पॅराक्वाट पिवळ्या त्रिकोणात येते. तांबड्या त्रिकोणातील कित्येक औषधांपेक्षा ते ‘सौम्य’ वाटते. माणसाच्या बाबतीत मात्र त्यावर उतारा नाही आणि मूळ औषधाचा एखादा घोटही जीवघेणा ठरू शकतो, ही गोष्ट त्रिकोण सांगत नाही. कृषी सेवा केंद्रात विक्री करताना हे तोंडी सांगितलेच पाहिजे. शिफारशीप्रमाणे पातळ केलेल्या द्रावणाच्या फवारणीतून गंभीर विषबाधा सहसा होत नाही, कारण फवाऱ्याचे थेंब वायुकोशांपर्यंत पोचण्याइतके सूक्ष्म नसतात. पंप गळत असेल आणि पाठीवर जखम किंवा ओरखडे असतील तर धोका खरा आहे. अशा वेळी कपडे तत्काळ बदलून त्वचा साबण-पाण्याने धुवावी. उरलेले औषध शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवणे हा तर अपराधच मानावा. गडद रंगाचे ते द्रव मुलांना आणि अंधारात मोठ्यांनाही पेय वाटते.

उत्पादनातच बदल करून पाहिले गेले आहेत. उग्र वास, रंग आणि उलटी आणणारा घटक यांची भर घालण्यात आली. श्रीलंकेत २००४ मध्ये जठरात घट्ट होणारे नवे मिश्रण आले आणि तेथील अभ्यासात तीन महिन्यांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण सुमारे २७ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर गेले. सुधारणा दखलपात्र होती, तरीही दहापैकी सहा जण मृत्यू पावतच होते. पुढे श्रीलंकेने पॅराक्वाट टप्प्याटप्प्याने बंद केले. दक्षिण कोरियाने २०११-१२ मध्ये नोंदणी व विक्री थांबवली, आणि तेथे कीडनाशकांमुळे होणाऱ्या आत्महत्यांत लक्षणीय घट झाली. युरोपीय संघातील मान्यता २००७ मध्ये न्यायालयाने रद्द केली. थायलंडने २०२० मध्ये बंदी घातली. भारतात केरळने २०११ मध्ये हे पाऊल उचलले. ओडिशातील बुर्ला येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये बंदीसाठी आवाज उठवला, कारण वॉर्डातील उपचारांचे अपयश ते रोज पाहत होते. बंदी घातलेल्या देशांत शेती उत्पादन कोसळल्याचे आढळले नाही. तथापि पर्याय सुचवल्यावाचून केवळ बंदीचा आग्रह धरणे शेतकऱ्यावर अन्याय करणारे ठरेल. आच्छादन, वेळेवर कोळपणी, सायकल कोळपे व पॉवर वीडर, आंतरपिके आणि पिकानुसार शिफारस केलेली अन्य तणनाशके यांची सांगड घालण्याचे काम कृषी संशोधन संस्थांचे आहे.

तोवर आपल्या हाती जे आहे ते करावे. औषधाचा साठा कुलूपबंद पेटीत, शक्य तर घराबाहेर ठेवावा. किल्ली एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावी. संकटाच्या क्षणी मनात आलेला टोकाचा विचार पुष्कळदा थोड्या वेळात ओसरतो, आणि कुलूप तेवढा वेळ मिळवून देते. घरातील कोणी अस्वस्थ, निराश वाटत असल्यास जयनगरच्या शेजारीच असलेल्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या मार्गदर्शनाखाली चालणाऱ्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

विषबाधा झालीच तर १०८ ला दूरध्वनी करावा आणि रुग्णासोबत मूळ बाटली, निदान तिच्या लेबलाचे मोबाइलवरील छायाचित्र न्यावे. औषधाचे तांत्रिक नाव व टक्केवारी, ते घेतल्याची घड्याळी वेळ, अंदाजे किती घेतले, पाणी मिसळले होते काय, उलटी केव्हा झाली आणि वाटेत काय पाजले, एवढ्या बाबी चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हाती द्याव्यात. डॉक्टरांना सल्ला हवा असल्यास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ चोवीस तास उपलब्ध असतो. अँटिऑक्सिडंटचा खरा उपयोग किती, हे ठरवू पाहणाऱ्या उद्याच्या अभ्यासकालाही नेमकी हीच माहिती लागणार आहे, आणि ती रुग्णालयात नव्हे, बांधावर नोंदली जाते.